खड्डा

लेअर्गहून निघालो तेव्हा सात वाजले होते
आणि रोहिदास माझ्याशी बोलत नव्हता.
खरं तर मीच बोलत नव्हते.
काल चढावर मी उतरून सायकल ढकलत आले,
तो वर उभा राहून केळं सोलत होता.
म्हणाला, "यंदा तू यायला नको होतंस."
अर्धं केळं मोडून पुढे धरलंही त्याने.
मी घेतलं नाही.

तेरावा दिवस.
नऊशे मैल मागे पडलेले,
गुडघ्यांना आता स्वतःची मतं आलेली.
वारा उत्तरेचा, म्हणजे समोरचा.
या मुलखात झाड नाही, भिंत नाही,
वाऱ्याला अडवायला जे काही आहे ते आम्ही चौघं.
म्हणून दोन मैल एकाने पुढे राहायचं,
बाकीच्यांनी चाकाशी चाक भिडवून मागे दडायचं.
डेवी, जसविंदर, रोहिदास, मी.
हा क्रम लँड्स एंडलाच ठरला होता,
आणि तो कसाही फिरला तरी
माझ्यापुढे रोहिदासच.

म्हणून दिवसभर मी त्याची पाठ वाचली.
खांद्यापाशी जॅकेटवर इस्त्रीचा तपकिरी डाग.
(सायकलीचं जॅकेट इस्त्री करणारा
दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.)
मागच्या पिशवीवर वाळत घातलेले मोजे,
एक निळा, एक काळा.
मान जराशी डावीकडे कललेली,
जशी ती स्लाउच्या ऑफिसातही असायची.
आणि मला कबूल करायचं नव्हतं, पण
ज्याचा राग आलाय
त्याच्याही मागे वारा लागत नाही.

मधूनच त्याचा डावा हात खाली यायचा,
बोट डांबराकडे.
"खड्डा."
हा शब्द डेवीनेही कॉर्नवॉलमध्येच उचलला होता;
त्याच्या वेल्श जिभेवर तो खड्डा
जरा जास्तच खोल व्हायचा.
जसविंदर पुढे असली की नुसतं "ओए!"
त्यातून खड्डा, मेंढी की मोटार
ते ज्याचं त्याने ओळखायचं.

क्रास्कच्या खाणावळीत मसुराचं सूप.
मीठ त्याच्यापाशी होतं.
मी अळणी प्यायले.

दुपारी नेव्हर तळ्याच्या काठाने गेलो.
गवतात दगडांच्या ओळी: चुली नाहीत, उंबरे नाहीत,
फक्त घर किती लांब-रुंद होतं एवढं दाखवणारे दगड.
दोनशे वर्षांपूर्वी मेंढ्यांसाठी माणसं उठवली, जसविंदरने वाचलं.
पुढच्या वळणावर एक मेंढी
रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करत होती.
तिच्या बाजूने आम्ही चौघं
हळूच, एकेक करून निघालो,
भाडेकरूंसारखे.

शेवटचे सहा मैल पुढे राहायची पाळी माझी.
दोन संपले, मी हटले नाही.
चार संपले.
मागून डेवीने विचारलं, बदलायचं का?
मी मान हलवली. वारा डोळ्यांत, नाकात, दातांत,
आणि मागे तो माणूस, ज्याच्या मते
मी यायला नको होतं, माझ्या आडोशाला.
खड्डे आले तसे मी हात खाली केले.
एकदा तर खड्डा नसतानाही केला,
तो वळतो का बघायला.
वळला.

बेटीहिलला समुद्र दिसला तेव्हा
कुणी ओरडलं नाही. दम नव्हता.
तंबू ठोकताना चिलटांनी आमची तोंडं इतकी फोडली
की चौघांनाही सारखंच शिव्या द्यावं लागलं,
तीन भाषांत.

रात्री अकरा वाजले तरी उजेड
हटायला तयार नव्हता, पाहुण्यासारखा.
मी नळाकडे निघाले, अनवाणी.
बाजूच्या तंबूच्या आतून आवाज आला:
"जपून. दोरी."

माफी नव्हती ती.
दोरी होती. खरोखरच होती,
घोट्याच्या उंचीवर, ताणलेली.
मी ती ओलांडली,
नळावर पाणी प्यायले,
आणि येताना म्हटलं,
"उद्या केळं आहे का?"

"अर्धं," तो म्हणाला.